मास्टरजींचं शहर

शेजारचे मास्टरजी उर्दू शाळेतून निवृत्त झालेत. बोलण्याआधी चष्म्यावर बसलेली, इथल्या खाणींतून उडणारी कोळशाची धूळ पुसतात. मी पत्रकं वाटत घसा फोडतो, तर म्हणतात, "बेटा, पहिले चहा पी."

नाल्यापलीकडच्या वस्तीसाठी आम्ही नळ मागायला गेलो. पालिकेतला साहेब म्हणाला, "ती वस्ती शहरात येत नाही."

"घरपट्टी घेता तेव्हा येते का?" मी ओरडलो.

मास्टरजींनी चष्मा पुसला. "साहेब, अरबीत शहराले मदीना म्हणतात. शब्द जुन्या अरामीतून आला. अर्थ असा, जिथं न्याय होते ती जागा. तो होईस्तोवर मी बसतो. मंग हे शहर होईन."

स्वतःच्या घरी नळ असलेला हा म्हातारा फरशीवर मांडी घालून बसला. घोषणा विसरून मीही बसलो. साहेब खुर्चीतून उठून त्यांना उठवायला आला. मास्टरजी उठले नाहीत.