गोमाजीच्या पाटीतले बोय

ठाण्यातल्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये गोमाजी कोळी शेवटच्या रांगेत बसला होता, आणि खुर्ची त्याला टोचत होती. चाळीस वर्षं होडीच्या फळीवर बसलेला माणूस, त्याला गादीची खुर्ची टोचावी! पण टोचत होतं ते निराळंच.

गोष्ट ब्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली. डोंबिवलीची सरोज नावाची मुलगी खाडीतल्या माशांवर संशोधन करत होती, आणि दीड वर्ष दर पंधरवड्याला ती कोपरीच्या गोमाजीच्या होडीतून जायची. तीन ठरलेल्या जागा, तेच जाळं, तेवढाच वेळ. आलेले मासे मोजायचे, वहीत लिहायचे. त्या जागांना ती स्टेशन म्हणायची. गोमाजी हसायचा, "ना फलाट, ना तिकीट, आणि म्हणे स्टेशन तीन!"

आता गोमाजीच्या घरची एक रीत होती. त्याचा बाप नामा सांगून गेला होता, होडीत बसलेलं माणूस रिकाम्या हाताने उतरू द्यायचं नाही. एकदा तर नामाने जप्तीला आलेल्या कारकुनालाही दोन चिंबोऱ्या बांधून दिल्या होत्या. आणि इथे ही पोर उन्हात करपून जाळं ओढायला लावायची, वर काय यायचं? गाळ आणि प्लास्टिकच्या पिशव्या. तिचा चेहरा उतरला की गोमाजीच्या जिवाला लागायचं. मग गेल्या पावसाळ्यापासून कधीकधी, स्टेशन तीनवर ती वहीत मान घालून वेळ लिहीत असली, की तो पहाटे लांब खाडीच्या तोंडाशी धरलेले आपल्या पाटीतले तीन-चार बोय मासे हळूच तिच्या जाळ्यात सोडायचा. ती नाचायची. हाही खूश. घरी जनाबाईला सांगायचा, "आज पोरीला मासा दिला बघ देवाने." देव बिचारा काय बोलणार!

आणि आज हे काम परीक्षकांसमोर मांडायचं होतं, म्हणून सरोजने त्याला मुद्दाम बोलावलं होतं. पहिल्याच प्लास्टिकच्या कागदावर त्याचं नाव लिहून आभार मानले होते. प्रोजेक्टरच्या उजेडात ते नाव भिंतीवर हातभर मोठं दिसलं, तेव्हा गोमाजीची छाती फुगली. पण पुढचा कागद आला. ठिपके जोडलेली एक रेघ खाली खाली उतरत गेली, आणि शेवटी टुणकन वर उठली.

"गेल्या पावसाळ्यापासून स्टेशन तीनवर मासे परत येताना दिसतात," सरोज म्हणाली.

गोमाजीने टोपी काढली, पुन्हा घातली. ते ठिपके त्याच्या ओळखीचे होते.

समोर बसलेले परीक्षक पुढे झुकले. "म्हणजे कारखान्यांच्या पाण्याने खाडीला काही होत नाही, असं म्हणायचं?"

"तसं नाही सर, पण आकडे..."

"आकडे तेच म्हणतायत. हे छापून आलं की कारखानेवाले तुमचा कागद फ्रेम करून लावतील."

हॉल हसला. सरोजही कसनुसं हसली. गोमाजीने शेजारच्या पोराला विचारलं, "हे छापतात का रे?"

"छापतात ना आजोबा. डिग्री मिळते त्याच्यावर."

आता बोलावं तर पोरीची सगळ्यांसमोर नाचक्की. न बोलावं तर खाडीच्या नावावर खोटं. दोनदा अर्धा उठला, दोनदा बसला. खुर्ची अशी करकरली की मागचा शिपाईसुद्धा वळला. तिसऱ्यांदा मात्र तो उभाच राहिला.

"सरोजबाय, ते मासे तुझ्या जाळ्यातले नाय गं. मी टाकलेले."

सरोजच्या हातातली पट्टी खाली पडली. "काका, काय बोलताय?"

"तू रिकामी जायचीस, बघवत नव्हतं."

"मी दीड वर्ष घासलं, काका!" तिचा आवाज फाटला. मग ओठ चावून तिने विचारलं, "कुठल्या तारखांना?"

तारखा गोमाजीला कुठून ठाऊक? "नारळी पुनवेनंतरचा पहिला गुरुवार. विसर्जनानंतर तिसरा दिवस. दसऱ्याची आदली सकाळ. तुळशीच्या लग्नाचा दिवस."

परीक्षकांनी शिपायाला ऑफिसातून मागच्या सालचं भिंतीवरचं कॅलेंडर आणायला पाठवलं. सरोज एकेक दिवस ताडून बघत होती आणि ओल्या रुमालाने एकेक ठिपका पुसत होती. चार गेले.

"आजोबा, नक्की चारच?" परीक्षकांनी विचारलं.

गोमाजीने सरोजकडे बघितलं. संक्रांतीच्या आसपास तिची आई होडीत आली होती. त्या दिवशी आठ बोय निघाले, आणि आईने पोरीची होडीतच दृष्ट काढली.

"पाच," तो म्हणाला. "तुझी आई आलेली, तो पण."

तो ठिपका तिने रुमाल न घेता अंगठ्यानेच पुसला. उरलेले ठिपके जोडले, तर रेघ पार तळाला जाऊन आडवी झाली.

परीक्षक म्हणाले, "शेवटचे सहा महिने पुन्हा करा. मग या."

बाहेर व्हरांड्यात चहा होता. गोमाजीने कप घेतला, न पिता ठेवला. सरोज आली, डोळे लाल.

"सोमवारी भरती किती वाजता?"

"साडेनवाला."

"जाळं मी ओढणार. आणि तुमची पाटी घरी ठेवून यायचं."

"आणि रिकामंच आलं तर गं, बाय?"

"तर रिकामं लिहीन."