पडद्याचं माप

"ख्रिश्चनांत धर्मसुधारणा झाली, तशी तुमच्यात कधी व्हायची हो, टेलरमास्तर?" पायजम्याचं कापड टेबलावर ठेवत शाळेतले गुरुजी म्हणाले. मी माझा ड्रेस न्यायला आले होते.

भोरच्या बाजारातल्या आमच्या टेलरचाचांच्या ओठांत टाचण्या होत्या. त्या काढल्याशिवाय ते बोलत नाहीत, आणि एकेक टाचणी उशीत खोचायला भरपूर वेळ घेतात. निम्मे भांडखोर तेवढ्यात निघून जातात. गुरुजी थांबले.

"व्हायला पायजे की, गुरुजी. पन तिकडच्या मापाचा कोट आमाला कसा बसंल?"

"मग तुमचं माप घेणार कोण?"

चाचांनी मशीनकडे बोट केलं. मशीनवर हिरवा पडदा पसरला होता. येत्या जुम्म्यापासून, म्हणजे शुक्रवारच्या नमाजापासून, आमच्या मशिदीत पहिल्यांदाच बायकांना जागा मिळणार होती. त्यासाठी चाचा वर्षभर कमिटीशी गोड बोलून भांडले होते. पुरुषांच्या नि बायकांच्या मधे पडदा मात्र हवाच, असं कमिटीनं बजावलं होतं. किती उंच, ते कोणी सांगितलं नव्हतं.

वापरणाऱ्याला विचारल्याशिवाय चाचा कापडाला कात्री लावत नाहीत. गळ्यातली टेप काढून ते माझ्याकडे वळले.

"बेटा, पडद्यामागं तुमी बायका बसनार. किती उंच करू?"

युरोपातल्या धर्मसुधारणेचा धडा मी शाळेत इंग्रजीतून पाठ केला होता. माझ्या मशिदीबद्दल मला आजवर कोणी काही विचारलं नव्हतं. गुरुजीही माझ्याकडे बघत होते.

"गुडघ्याएवढा पुरे, चाचा," मी म्हणाले. "बसल्यावर समोरचं सगळं दिसलं पाहिजे."