घंगाळातली आगगाडी

साठच्या दशकात, आम्ही सुरतेत राहत होतो तेव्हा, माझ्या ताईला भावनगरचं स्थळ सांगून आलं. मुलाला ती पसंत, तिला मुलगा पसंत. अडलं ते मधल्या खंबायतच्या आखातावर. नकाशात भावनगर आमच्या अगदी समोर, वीतभरही लांब नाही; पण आगगाडीनं जायचं तर वर अहमदाबादपर्यंत जा, तिथं गाडी बदला आणि पुन्हा खाली या. "एवढ्या लांब मुलगी देणार नाही," असं वडिलांनी जाहीर करून टाकलं. ते शाळेत भूगोल शिकवत, त्यामुळे अंतराच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालायची सोय नव्हती.

"अहो मास्तर, फिकर कशाला करता?" बैठकीत मुलाचे वडील म्हणाले. ते रेल्वेच्या मालधक्क्यावर बाबू होते. "इंग्लंड-फ्रान्सच्या मध्ये आख्खे डबेच बोटीत चढवतात. आपल्याकडे पण थई जशे, होऊन जाईल!"

"बोट?" वडील उसळले. "वादळ आलं की बसा काठावर! तिथंसुद्धा आता बोगदा खणायच्या गोष्टी चालल्यात. इथं पूलच हवा."

झालं! पत्रिका, मानपान सगळं राहिलं बाजूला आणि दोघे पोक्त गृहस्थ पाण्यानं भरलेल्या घंगाळाभोवती उकिडवे बसले. ताटली ही बोट आणि ताईनं केलेले रव्याचे लाडू हे डबे. वडिलांनी मुद्दाम सगळे लाडू एकाच कडेला चढवले. ताटली कलंडली आणि गाडी तळाला गेली.

"बघा!" वडील ओरडले.

"दोन्हीकडून सारखे चढवायचे असतात! तुम्ही जाणूनबुजून बुडवलीत!" पाहुणे टोपी चढवून उठलेच. लाडू मात्र तळाशी शाबूत होते, एकही विरघळला नव्हता. मला हसू आवरेना, तेव्हा आईनं चिमटा काढला.

तेवढ्यात ताई बाहेर आली. डोळे भरलेले, पण आवाज खणखणीत. "बाबा, यांची बोट आणि तुमचा पूल होईपर्यंत मी म्हातारी होईन. मला अहमदाबादला गाडी बदलता येते."

ही आता खरंच जाणार, हे मला तेव्हा कळलं आणि माझं हसू कुठल्या कुठे पळालं. वडील बराच वेळ धोतराच्या सोग्यानं हात पुसत राहिले. मग पाहुण्यांकडे न बघताच त्यांनी विचारलं, "तिथं गाडी बदलताना हमाल मिळतो ना हो?"