एरंडाचं गुऱ्हाळ

दाजी गेले, हे मला ताईनं सांगितलंच नाही. दौंड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात फोन वाजला, साहेबांनी रिसीव्हर माझ्याकडे दिला आणि पलीकडून माझी थोरली बहीण एवढंच म्हणाली, "मघापासून हात चोळतीय रं ह्यांचं... गरमच व्हईनात." मी काय समजायचं ते समजलो. चौफुल्यावर बस बदलून शिरूरला पोचेपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना. घरी गेलो तेव्हा माणसं जमली होती, आणि ताई अजूनही दाजींचा डावा हात मांडीवर घेऊन बसली होती. खोलीभर एरंडेलाचा वास होता. या गोष्टीला आता दीड महिना होईल.

दाजींचं शिरूरला शेतीच्या डिझेल इंजिनांचं दुकान होतं. इंजिन उघडायचं, बसवायचं, विहिरीवर जाऊन चालू करून द्यायचं, हा धंदा. माणूस थट्टेखोर. मी त्यांचा धाकटा मेहुणा, म्हणजे हक्काचं गिऱ्हाईक. स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की घट्ट होतो हे मला आजही विचारावं लागतं, आणि दाजी ते चारचौघांत सांगायचे. "रेल्वे ह्याच्या भरवशावर न्हाई चालत म्हणून बरंय," असं म्हणून वर मलाच चहा पाजायचे. राग धरावा असा माणूसच नव्हता तो.

त्या मोटारसायकलची बातमी त्यांना मीच दिली, तीही गंमत म्हणून. दौंडला आमच्या शेजारी पिंटो म्हणून निवृत्त इंजिन ड्रायव्हर राहायचे. त्यांच्या मागच्या पडवीत एक लाल फटफटी होती आणि तिच्यावर कोंबड्या बसायच्या. तरुणपणी त्यांनी ती मुंबईच्या एका शर्यतवाल्याकडून घेतली होती. इटलीची, खास शर्यतीसाठी बांधलेली. एका दुपारी चालता चालता इंजिन जाम झालं आणि तेव्हापासून ती कोंबड्यांची झाली. दाजी पुढच्याच रविवारी हजर. पिंटोंच्या विहिरीला त्यांनी पंप बसवून दिला आणि बदल्यात फटफटी टेम्पोत घालून शिरूरला नेली. ताईनं तिच्याभोवती एक फेरी मारली. "दिवा न्हाई, हॉर्न न्हाई, किकसुदिक न्हाई. मग हाय तरी काय हिला?" दाजी म्हणाले, "आवाज." पिंटोंनी त्यांना त्या आवाजाचं वर्णन इतकं करून सांगितलं होतं की ऐकण्याआधीच ते त्याच्या नादी लागले होते. त्यांना एवढंच हवं होतं. आपल्या हातानं इंजिन बांधायचं, आपणच वर बसून ते चालू करायचं आणि घोडनदीच्या पुलापर्यंत जाऊन यायचं. त्यापलीकडे त्यांनी त्या गाडीकडून कधी काही मागितलं नाही.

इंजिन उघडलं तेव्हा आत काळपट चिकट गोळे निघाले. ही जुनी शर्यतीची इंजिनं एरंडेलावर चालत. वंगण म्हणून चक्क आपलं एरंडीचं तेल, पोरांना नाक दाबून पाजतात ते. पिंटोंनी त्यातच पेट्रोल पंपावरचं साधं ऑइल ओतलं होतं. ही दोन तेलं एकमेकांत मिसळत नाहीत, आतल्या आत नासतात. त्या चिकट्यानं तेलाच्या वाटा बुजल्या, पिस्टन सिलिंडरला धरला, आणि वरच्या झडपा उघडणारा कॅम फिरवणाऱ्या उभ्या शाफ्टचे दातेही खाल्ले गेले. दाजींनी सगळं सुटं करून ताईच्या स्टीलच्या डब्यांत रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं. मग मांडवगणच्या घाण्यावरून एरंडेलाचा कॅन आणला. दुसऱ्यांदा गेले तेव्हा घाण्यावरच्या म्हातारीनं काळजीनं विचारलं, "पाव्हणं, घरात पोट कुणाचं एवढं धरलंय?"

पुढची कितीतरी वर्षं हे चाललं. सुटे भाग मिळण्याची सोय नव्हती. दाजींचे शाळेपासूनचे दोस्त उस्मानभाई यांचं लेथ मशीन गल्लीच्या टोकाला होतं. दाजींनी मापं काढायची, उस्मानभाईंनी बुश कातायचा, दाजींनी तो बसवून पाहायचा आणि परत न्यायचा. दातेरी चाकं तर तीनदा नव्यानं झाली. बारामतीहून आणलेला एक पिस्टन कातून बसवला, तो पुन्हा काढला. डबे परत मिळत नाहीत म्हणून ताई आधी चिडली, मग नवे डबे घेतले आणि एक दिवस वैतागून म्हणाली, "हे तुमचं एरंडाचं गुऱ्हाळ कवा संपायचं?" एरंडातून रस निघत नाही आणि गुऱ्हाळ काही थांबत नाही, तशातला प्रकार. दाजी कॅन हलवून म्हणाले, "रस न्हाई, पर तेल तर निघतंय का न्हाई?" तेव्हापासून त्या गाडीचं नावच गुऱ्हाळ पडलं. मी फोन केला की आधी विचारायचो, "गुऱ्हाळ कुठवर आलं?" उत्तर ठरलेलं असायचं, "कढई तापलीय."

खंडेनवमीला दुकानातली सगळी हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडायची, झेंडूची फुलं वाहायची आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हा दाजींचा शिरस्ता. एका वर्षी खंडेनवमीपर्यंत इंजिनाचा खालचा भाग बांधून झाला होता. दसऱ्याला दाजींनी पाटावरचा मोठा पाना उचलला आणि तो त्यांच्या हातून निसटला. पुन्हा उचलला, पुन्हा निसटला. मी नेहमीसारखी थट्टा केली, "दाजी, हत्यारं रुसली वाटतं." ते हसले नाहीत. हाताकडे बघत राहिले... पुढं पुण्याच्या डॉक्टरांनी एक लांबलचक नाव सांगितलं. मज्जातंतूंचा आजार. हातापासून सुरू होतो आणि वर सरकत जातो. ताईनं विचारलं, "औषध?" डॉक्टर भला माणूस होता, त्यानं खोटा धीर दिला नाही.

औषध नाही म्हटल्यावर माणूस काय करणार? डॉक्टरांनी मुठीच्या व्यायामाला रबरी चेंडू दिला होता, तो दाजींनी कोपऱ्यात टाकला आणि संध्याकाळी गाडीचा क्लच दाबायला सुरुवात केली. आधी ताईनं त्यांच्या हाताला एरंडेल चोळायचं, त्याच कॅनमधलं, आणि मग दाजींनी गाडीजवळ बसून डाव्या हातानं क्लच ओढायचा. रात्री ताईचा फोन यायचा. "आज पुरा दबला." मग "पाऊण दबला." मग "निम्मा." पुढं पुढं ती आकडा सांगेनाशी झाली, मीही विचारेनासा झालो. हवापाण्याचं बोलून फोन ठेवायचो. इकडे उस्मानभाई इंजिन बांधत होते आणि दाजी खुर्चीत बसून सांगत होते, पण इंजिन जसजसं वर चढत होतं तसतशी दाजींची जीभ जड होत होती. शेवटचं काम उभ्या शाफ्टवरच्या दात्यांचं होतं. एक दाता इकडे का तिकडे, यावर सगळं. तोवर दाजींचं बोलणं फक्त ताईला कळत होतं, आणि तेही निम्मंशिम्मं. उस्मानभाईंनी दाते जुळवून विचारलं, "हाय का बरोबर, दत्तू?" दाजींनी पुष्कळ वेळ पाहिलं. मान हलवली खरी, पण ती होकारार्थी होती का तोल गेला होता, हे आम्हाला कळलं नाही.

पाना निसटला त्याला दोन वर्षं झाली होती, तेव्हा गेल्या दिवाळीनंतरच्या एका सकाळी आम्ही गाडी बाहेर काढली. किक नसल्यामुळं धक्का मारूनच चालू करायची. दुकानापासून नदीकडे उतार आहे. दाजींना वर बसवलं. मागून उस्मानभाई, उजवीकडून त्यांना धरून मी, आणि डावीकडे ताई. क्लच दाजींच्या हातानं दबत नव्हता, म्हणून त्यांच्या हातावर तिचा हात. साठीला आलेली माझी बहीण पदर खोचून त्या लाल गाडीबरोबर धावत होती. उस्मानभाई म्हणाले, "सोड भाभी." तिनं सोडला. चाक घसटलं, बाकी काही नाही. परत वर आणली, परत धक्का. तिसऱ्या वेळी इंजिन एकदा, फक्त एकदा खोकलं. निळसर धुराचा एक लोट निघाला आणि जळलेल्या एरंडेलाचा वास सुटला. दाजींनी मान वळवून तो नाकात घेतला. मग पुन्हा सगळं गप्प झालं.

आणि दाजी काहीतरी बोलू लागले. "ए... एर..." उस्मानभाई म्हणाले, "एरंडेल म्हणतोय. तेल कमी पडलं जणू." झाकण उघडून पाहिलं, तेल काठोकाठ होतं. दाजी मानेनं नाही नाही म्हणत होते आणि पुन्हा तेच, "एर..." उस्मानभाईंनी प्लग काढून पाहिला, मी उगाच टाकी हलवली. सांगणारा समोर बसलेला, ऐकणारे तिघं भोवती, आणि मधल्या विताच्या अंतरातून एक शब्द पार होत नव्हता. एवढं हतबल मला आयुष्यात कधी वाटलेलं नाही. शेवटी ताईनं त्यांच्या तोंडाजवळ कान नेला. तशीच खाली दगडावर बसली. "तेल न्हाई म्हणत ते," ती म्हणाली. "एरंडाचं गुऱ्हाळ म्हणतायत. माझी नक्कल करतायत." दाजींनी डोळे मिटून 'व्हय' केलं. त्यांचा चेहरा आता हसू शकत नव्हता, पण डोळ्यांच्या कडा हसत होत्या. आम्ही तिघंही हसलो. मग उस्मानभाई तोंड फिरवून नदीकडे बघत उभे राहिले आणि आम्ही गाडी ढकलत वर आणली.

त्यानंतर गाडी बाहेर काढली नाही. थंडी गेली, ऊन आलं, आणि एका दुपारी माझ्या ऑफिसात फोन वाजला. उस्मानभाई नंतर एकदा म्हणाले, "दातं एक घर पुढं बसलं असतील. आन् नसतील बी. त्यालाच इचारायला पायजे हुतं." ते म्हणाले, भाभी हो म्हणाली तर मी पुन्हा उघडतो. मी ताईला विचारायचं कबूल केलं.

गेल्या रविवारी त्यासाठीच शिरूरला गेलो. दिवस मावळत होता. दुकानाचं शटर अर्धं वर होतं. आत ताई त्या गाडीशेजारी, दाजींच्या स्टुलावर बसली होती. तळहात तेलानं चकाकत होते. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तिनं डाव्या हातानं क्लच धरला, ओठ दाबून हळूहळू ओढला, पार मुठीपर्यंत नेला आणि तसाच धरून ठेवला. मी शटरखालून वाकून आत गेलो. नुसतंच म्हणालो, "ताई..."

तिनं मान वर केली नाही.

"आज पुरा दबला," ती म्हणाली.