हमीदचाचा आणि माझं टेक्नो

हमीदचाचा ओळख करून घ्यायच्या आधी समोरच्याचा आवाज कमी करत. काशीदच्या एका रिसॉर्टवर मी संध्याकाळी लॅपटॉपवरून टेक्नो, म्हणजे मशीनच्या ठोक्यांवरचं नाचाचं संगीत, वाजवत होते. अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायला आलेल्या या पांढऱ्या दाढीच्या माणसाने काम संपवलं आणि मला न विचारता बटण खाली केलं.

"पोरी, ठोका बरोबर हाय. पण ह्यात माणूस कुठं हाय?"

दुसऱ्या दिवशी मी भांडायलाच मुरूडच्या त्यांच्या दुकानात गेले. पंखे आणि मिक्सरच्या गर्दीत त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि एक कॅसेट लावली. ऐंशीच्या दशकात ते कुवेतच्या एका हॉटेलात साउंड सांभाळत. तिथे अमेरिकेतले काळे कलाकार त्यांचं सोल संगीत गायला येत. त्या कॅसेटवर ड्रम मशीन होतं, सिंथेसायझरचा जाडजूड बेस होता. मी ज्याला आमच्या पिढीचा शोध समजत होते ते सगळं होतं. वर एक बाई जीव ओतून गात होती.

"तुमचं टेक्नो ह्याच घरातलं लेकरू," चाचा म्हणाले. "मशीन ठेवलीत, बाईला तेवढी बाहेर काढलीत."

भांडण राहिलं बाजूला. मी दर शुक्रवारी नमाजानंतर दुकानात हजर. ते मला कॅसेटबरोबर टाळ्या वाजवायला लावत आणि माझी टाळी हमखास आधी पडे. "घाई कसली? बोट सुटत्येय काय?" असं म्हणून हसत.

खटका उडाला तो माझ्या आवाजावरून. एका ट्रॅकमध्ये मी स्वतः गायले होते आणि लाज वाटून आवाज इफेक्टखाली गाडून टाकला होता. चाचांनी एकेक इफेक्ट काढायला लावला. शेवटी माझा उघडा, जरासा घोगरा आवाज उरला.

"लोक हसतील," मी म्हटलं.

"हसू देत. लपवतेस कशाला? चोरीचा हाय?"

मी लॅपटॉप मिटून निघून आले. तीन शुक्रवार फिरकले नाही. पण मुंबईच्या एका कार्यक्रमात मात्र तो ट्रॅक तसाच, उघडा वाजवला. आधी लोक बोलायचे थांबले, मग नाचले. सकाळी मांडव्याला बोटीतून उतरल्या उतरल्या मी त्यांना फोन लावला.

"मुंबईचं ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तुझ्या आयशीनं ऐकलं काय?"

नव्हतं ऐकलं. किहीमला घरी पोचले तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. मी ट्रॅक लावला. तिचे हात थांबले. "ही तू?" एवढंच म्हणाली. संपल्यावर पिठाच्या हाताने डोळे पुसत म्हणाली, "परत लाव."

चाचा जाऊन आता दोन वर्षं झाली. पण आईने ट्रॅक ऐकला त्या सकाळी मी अंगणात येऊन त्यांना पुन्हा फोन केला होता, आई काय म्हणाली ते सांगितलं होतं.

ते खेकसले, "अगं, मग लाव ना! मला कशाला फोन करतेस?"