धुतलेलं भरीत

"मी सांगस ना!" असं म्हणून जिजी समोरच्याच्या गुडघ्यावर थाप मारायची, आणि मग जे सांगायची त्यात निम्मं खोटं असायचं. तुमच्याही आळीत अशी एखादी असेल. आमच्या शहाद्याच्या आळीतली ही. मी नाशिककडून लग्न होऊन आले तेव्हा इथली अहिराणी मला कळत नव्हती. पहिलं वाक्य जिजीनंच शिकवलं. "माले कळत नही, इतलं म्हनानं नि हासानं. सासू काय करी लेई?" सासूबाईंनी खरंच काही केलं नाही.

हिवाळ्यात बाजारात वांगी आली की जिजीच्या अंगात यायचं. आळीतल्या बाया-पोरं बैलगाडीत कोंबून ती आम्हाला प्रकाशा गावी, तापीकाठी भरीत खायला न्यायची. आमच्या नवऱ्यांना ती विचारत नसे, कळवत असे. तिचा स्वतःचा नवरा तर बैल जुंपून उभाच असायचा.

प्रकाशा तिचं माहेर. तिथं घाटाशेजारी तिची लहानपणची मैत्रीण राहायची. आम्ही सगळ्या तिला घाटमावशी म्हणायचो. जिजी नदीकाठी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजायची आणि मावशी सोलायची. दोघींचं बोलणं चाललेलं असायचं, म्हणजे जिजीचं चाललेलं असायचं.

एका वर्षी मावशीनं भाजलेली वांगी पाण्यानं भरलेल्या पातेल्यात बुडवली आणि धुऊन धुऊन सोलायला लागली. आता, खानदेशात भाजलेल्या वांग्याला पाणी दाखवणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. सगळी चव नदीला मिळते. जिजी ओरडलीच, "भरीत करी ऱ्हायनी का कपडा धुई ऱ्हायनी व?"

आम्ही हसलो. मीही हसले, ते मला अजून लागतं. मावशीनं पदराला हात पुसले, उठली आणि घरी गेली.

पुढचे दोन हिवाळे आमची गाडी प्रकाशाला गेली नाही. "मी सांगस ना, तीच येई," जिजी म्हणायची. मावशी आली नाही. जिजी तशीच हसायची, थापा मारायची, पण भरताचं नाव कोणी काढलं की उठून आत जायची. इतक्या वर्षांची एकच मैत्रीण, आणि ती वांग्यापायी गेली!

मग प्रकाशाचा कासार बांगड्या घेऊन आळीत आला. जिजीच्या हातात बांगड्या चढवता चढवता सहज म्हणाला, "तुम्हनी घाटवरनी मैतरीनले आते काहीच दिखत नही. दोन-तीन वरीस व्हई ग्यात, दिखनं कमीच व्हत गयं. बांगडी हिरवी का लाल, माले इचारस."

जिजीनं हात मागं ओढून घेतला. एक बांगडी फुटली. ती काचा वेचायला वाकली. मग म्हणाली, "तिले वांगानी जयेल साल दिखे नही व, म्हनीसन धुये ती. आपला तोंडमा राख नको जावाले. नि मी काय बोलनू!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी निघाली.

माफी मागणं जिजीला येत नव्हतं. तिनं मावशीला हाताला धरून काठावर आणलं, वांगी भाजली आणि पाण्यानं भरलेलं पातेलं तिच्यापुढं ठेवलं. "धोय."

"आनि हाशी कोन?" मावशीनं विचारलं.

"हाशी तिना दात पाडसू. आज पहिलं मीच खासू."

भरीत अगदी पाणचट झालं होतं. जिजीनं दोनदा मागून घेतलं. मावशी आधी हसली, मग रडली, आणि जिजीनं भाकरीचा तुकडा तिच्या तोंडात कोंबून ते रडणं बंद केलं.

त्यानंतर दर महिन्याला काही ना काही निमित्त काढून जिजी प्रकाशाला जायची. घाटाच्या पायरीवर बसून मावशीला नदी सांगायची. पलीकडून होडी येतेय, तीत एक जाडजूड पाव्हणा बसलाय, त्याची टोपी पाण्यात पडली, आता बायको त्याला बोलतेय. मावशी पोट धरून हसायची. मी शेजारीच असायचे. होडीत नावाड्याशिवाय कोणीही नसायचं.

जिजी गेली ती तापानं, चार दिवसांत. तेरावं झालं आणि मी एकटीच प्रकाशाला गेले. मावशीनं माझा हात धरला, पायरीवर बसवलं आणि म्हणाली, "सांग."

मी सांगितलं. पाणी उतरलंय, दोन होड्या काठाला बांधल्यात, बाया धुणं धुतायत, ऊन पडलंय.

मावशीनं नीट ऐकून घेतलं. जरा वेळ वाट पाहिली.

"इतलं खरं नको सांगू व पोरी," ती म्हणाली. "ती खोटं सांगे, तेच माले दिखे."

मग मी डोळे पुसले, तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि आयुष्यातली पहिली थाप मारली.