पट्टी काळी चार

मास्टर लेकराच्या छातीचं माप दोनदा घेत. एकदा श्वास सोडायला लावून आणि एकदा भरायला लावून. शर्टाला एक माप पुरतं, हे शिवणातलं काही न कळणाऱ्या मलाही कळत होतं. पण दोन मापांमध्ये दोन बोटांहून जास्त फरक निघाला की मास्टर टेप गळ्यात अडकवत, डोळे बारीक करत आणि म्हणत, "आ कर रं बेटा. तोंडातून न्हाई, पोटातून." अशा रीतीने गणवेश शिवायला आलेलं पोरगं शाळेच्या गाण्यात भरती होऊनच घरी जाई. आईबापांना ते दुसऱ्या दिवशी कळायचं.

आखाडा बाळापूरच्या बाजारात त्यांचं शिलाईचं दुकान होतं. एका बाजूला पायमशीन, दुसऱ्या बाजूला कापडाच्या चिंध्यांवर ठेवलेली वडिलांची जुनी बाजाची पेटी. शाळेत शिकवतो तो मास्तर आणि कपडे शिवतो तो मास्टर, एवढा फरक आमच्याकडे सगळे पाळत; हा माणूस दोन्ही होता, म्हणून गावाने त्याचं नाव घेणंच सोडून दिलं होतं. आमच्या शाळेत संगीताची जागा नव्हती. दर डिसेंबरात गॅदरिंग जवळ आलं की हेडसर मास्टरांना बोलावणं धाडत, आणि मास्टर दुकान अर्धं बंद करून येत. मी तेव्हा नवी होते. गणित शिकवायचे, गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. नव्या माणसाच्या गळ्यात मारायची जी कामं असतात त्यांतलं हे एक, म्हणून गॅदरिंग माझ्याकडे आलं.

"बाई, गाणं लेकराला शिकवून भागत न्हाई," मास्टरांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं. "घराला शिकवावं लागतं." मग दुपारची शाळा सुटली की ते त्यांच्या सायकलवर पुढे आणि मी माझ्या लेडीज सायकलवर मागे, अशी आमची वरात गल्लोगल्ली फिरायची. चिंचा बंद, बोरं बंद, बर्फाचा गोळा तर नावालासुद्धा नको. पाणी भरताना म्हणायला लावा, भाकरी थापताना ऐका, चुकलं तरी रागावू नका. आया मान डोलवत. एकीने तर गळा जपायचा म्हणून पोरीला आठ दिवस तोंडच उघडू दिलं नाही. खाणाखुणांनी पाणी मागणारी ती पोर पाहून मला हसू आवरेना. मास्टरांनी मात्र त्या आईला हात जोडले. "तुमी मनावर घेतलं हेच लई झालं," म्हणाले.

गोड बोलणारा माणूस, पण सुराच्या बाबतीत कुणाची भीड ठेवत नसे. एकदा हेडसरांच्या पुतण्याला सगळ्यांसमोर "तू भाषणात जा बेटा" म्हणून मोकळे झाले. जरा सांभाळून घ्यायचं होतं, असं मी नंतर म्हटलं. तेव्हा ते म्हणाले, "बेसूर झालं तं झालं म्हणायचं, बाई. झाकून ठेवलं की मग तेच पक्कं होतं." हे वाक्य मी पुढे वर्गात गणितासाठी पुष्कळ वापरलं. मास्टरांचं म्हणून कधी सांगितलं नाही, हे आता कबूल करते.

ज्या वर्षाबद्दल मला सांगायचं आहे, तेव्हा हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होती. त्याच्या आदल्या वर्षी आमचं गाणं मोडलं होतं. दिवाळीनंतर तांड्यावरची निम्मी लेकरं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली, आणि उरलेल्यांनी स्टेजवर नुसते ओठ हलवले. हेडसरांनी यंदा बजावूनच ठेवलं. "एवढ्या वर्षी बघतो. मोडलं तर पुढच्या वर्षापासून कॅसेट लावायची आणि पोरांनी नाचायचं. सगळीकडे तेच चाललंय." बाहेर आल्यावर मास्टर म्हणाले, "शाळेत लेकराचा आवाजच न्हाई राहिला तं आपण कशाला यायचं बाई?" त्या वेळी त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा घाबरलेला पाहिला.

योगायोगाने त्या वर्षी कारखाने उशिरा सुरू होणार होते. डिसेंबर उजाडला तरी तांडा घरीच होता. आणि त्या तांड्यावरून रोज अर्धा तास चालत येणारी सातवीतली शेवंता मास्टरांना सापडली. तिच्या दोन मापांत चार बोटांचा फरक होता. तिने पहिला आ लावला तेव्हा मास्टरांनी पेटीवर एकेक पट्टी दाबत शोधलं, आणि काळ्यांतल्या चौथ्या पट्टीवर येऊन त्यांचं बोट थांबलं. पेटीवाले आपला सूर असाच सांगतात, काळी दोन, पांढरी पाच. बाकी पोरांना काळी दोन सोयीची होती. मास्टरांनी सगळं गाणं शेवंतासाठी काळी चारवर चढवलं. पूर्णा नदीवरचं गाणं होतं, आमच्याच एका निवृत्त गुरुजींनी लिहिलेलं. दुसऱ्या कडव्यात सूर एकदम वर जायचा. तिथे ती एकटी पोचायची आणि बाकीची तिचं बोट धरल्यासारखी मागून जायची.

मग चिठ्ठ्या गेल्या. मास्टर शिकले उर्दूत, मराठी लिहिताना अडखळत. म्हणून ते सांगायचे आणि मी लिहायचे. "बराबर लिव्हा बाई. पट्टी काळी चार. घरी पक्की करून घ्यावी." बावीस चिठ्ठ्या मी एका बैठकीत लिहिल्या. पट्टी म्हणजे काय हे घरच्यांना कळेल का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. बहुतेक घरांत त्या चिठ्ठ्या चुलीत गेल्या असाव्यात.

शेवंताच्या आईने मात्र ती चिठ्ठी शेजारच्या शिकलेल्या पोराकडून दोनदा वाचून घेतली. चिठ्ठी शिवणाऱ्या मास्टरांची. पट्टी काळी, चार. पक्की करायची. तिसऱ्या दिवशी शेवंता पांढरा फ्रॉक घालून शाळेत आली, आणि त्याच्या घेराला एकाखाली एक चार काळ्या पट्ट्या शिवलेल्या होत्या. पोरं हसली. मीही हसले. शेवंताचा चेहरा पडला. मास्टर उठले, तिच्यासमोर गुडघ्यावर बसले, फ्रॉकची कड उलटी करून टाके बघत राहिले. तांड्यावरच्या बायकांचा हात भरतकामाला बसलेला. एकेक टाका दुहेरी होता.

"कापड फाटंल बाई," ते मला म्हणाले, "पण ही पट्टी सुटायची न्हाई. मला असा टाका येत न्हाई." मग पोरांकडे वळून म्हणाले, "हसून काहून राहिले? तुमाला बी हेच घालायचंय." आणि त्यांनी खरोखर अस्तराचं काळं कापड काढून सगळ्यांच्या कपड्यांना चार-चार पट्ट्या लावून दिल्या. आईची चूक झाली होती हे शेवंताला कधी कळू दिलं नाही.

गॅदरिंग शनिवारी होतं. मंगळवारी शेवंता म्हणाली, "कारखान्याचा ट्रक गुरुवारी येऊन राहिला." आम्ही तसेच तांड्यावर गेलो. सामानाची बांधाबांध चालली होती. मास्टर उभ्यानेच बोलायला लागले. चार दिवस लेकरू ठेवा, माझ्या घरी राहील, माझी बायको स्वतःच्या लेकीगत बघेल, रविवारी मी स्वतः कारखान्यावर आणून सोडतो. शेवंताची आई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "आमी दोघं उसात असतो, मास्टर. मंग धाकट्याला कोण धरल? फडात पाचटावर ठिवू का त्याला?"

"धाकटं बी ठेवा माझ्यापाशी."

"अंगावर पितंय ते."

मास्टर खाली बसले. गळ्यातली टेप काढून बोटाभोवती गुंडाळत राहिले, सोडत राहिले. शेवंताचे वडील जरा चिडूनच म्हणाले, "तुमी काहून एवढा जीव टाकून राहिले? गाणंच तं हाय."

"व्हय," मास्टर म्हणाले. "गाणंच हाय."

त्यांचं तोंड बघून वडिलांनाच वाईट वाटलं असावं. कारखान्याकडून कुणी माणूस गावाकडे येत असला तर शनिवारपर्यंत पोरीला त्याच्यासोबत पाठवून देतो, असं ते म्हणाले. ते निव्वळ बोलायचं म्हणून बोलले होते हे मला कळत होतं. मास्टरांनी मात्र तेवढंच घट्ट धरलं.

मी हेडसरांकडे जाऊन गॅदरिंग बुधवारी घ्या म्हणून विनवलं. पाहुण्यांची तारीख ठरली होती, ती हलणार नव्हती. गुरुवारी ट्रक गेला. त्या दिवशी आणि शुक्रवारीही दुपारी तालीम आटोपली की मास्टर एसटी स्टँडवर जाऊन उभे राहत. कारखान्याच्या बाजूने, नांदेडकडून आलेली प्रत्येक गाडी शेवटचा माणूस उतरेपर्यंत बघत. मी त्यांना सांगत होते की पोरांना दोन दिवस काळी दोनवर म्हणू द्या, निभावून जाईल. ते म्हणत, "कुणी तरी आणून सोडल बाई."

शनिवारी पडदा वर जायच्या आधी एकवीस लेकरं रांगेत उभी होती, प्रत्येकाच्या कपड्यावर चार काळ्या पट्ट्या. मधोमध एक जागा रिकामी. मी पेटीपाशी वाकले. "मास्टर, काळी दोन घ्या. पाया पडते तुमच्या."

"ती आली अन् पट्टी उतरलेली दिसली," ते म्हणाले, "तं काय म्हणल?"

पहिलं कडवं कसंबसं गेलं. दुसऱ्यात सूर वर निघाला आणि तिथे कुणीच पोचेना. एकाचा आवाज फाटला. दोघी घाबरून हसल्या, बाकीची गप्प झाली. मास्टर भाता हलवत तोच एक सूर धरून राहिले, नजर फाटकाकडे. मागून शिट्ट्या सुरू झाल्या. हेडसरांनी हात केला आणि पेटी वाजत असतानाच भोंग्यातून सिनेमाचं गाणं सुरू झालं. मास्टरांनी भाता मिटला, कडी लावली. "झालं बाई," ते मला म्हणाले. "बेसूर झालं." मला रडू आवरलं नाही, आणि मी ते आवरण्याचा प्रयत्नही केला नाही.

पुढच्या वर्षापासून कॅसेट आली. मास्टर गणवेश शिवत राहिले. मी एकदा माझ्या मुलीला घेऊन दुकानात गेले, तेव्हा त्यांनी तिच्या छातीचं माप घेतलं, आकडा वहीत लिहिला आणि टेप गळ्यात टाकली. माप एकदाच घेतलं. मी थांबून राहिले, पण त्यांनी दुसऱ्यांदा टेप उचलली नाही. त्यानंतर काही वर्षांनी ते गेले. माझी बदली कळमनुरीला झाली होती; मला चार दिवसांनी कळलं.

आणखी तीन-चार वर्षांनी, जूनमध्ये, एक बाई पोरीला पहिलीत घालायला कळमनुरीच्या शाळेत आली. फॉर्मवर आईचं नाव वाचून मी वर पाहिलं. शेवंता होती. बावीस-तेवीस वर्षांची असेल, पण हात पार म्हातारीचे झाले होते. मास्टर गेल्याचं तिला ठाऊक होतं. थोडा वेळ ती टेबलाची कड धरून उभी राहिली. मग म्हणाली, "बाई, एक इचारू? आपलं गाणं कसं झालं होतं मंग?"

छान झालं म्हणायला माझ्या जिभेवर शब्द आले होते. पण मास्टर आठवले.

"मोडलं गं," मी म्हणाले. "दुसऱ्या कडव्यात. मास्टरांनी तुझी जागा मोकळी ठेवली होती."

"वाटलंच मला," ती म्हणाली. "तिथं एकटी मीच जात होते." तिने पदराने डोळे पुसले आणि पोरीला जवळ ओढून घेतलं.

"तो फ्रॉक गं?" मी विचारलं.

"त्याची धाकट्याला झोळी केली होती आईनं, तिकडं फडावरच्या कोपीत. इरला समदा. पट्ट्या तेवढ्या न्हाई सुटल्या. पक्क्या केल्या होत्या ना तिनं. चिठ्ठीत तसंच लिव्हलं होतं, न्हाई का बाई?"

"हो," मी म्हणाले. "मीच लिहिलं होतं."